वेलिगामाला पहिल्यांदा जोडीने जाताय? लाट, ईटीए, उंबलकड आणि भांडणं, सगळं क्रमाने

आमच्या लग्नाला चौदा महिने झाले तरी आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो. लग्नानंतर जेजुरी, मग तुळजापूर, मग ह्याच्या मावसबहिणीचं लग्न, मग गणपती. शेवटी फेब्रुवारीत आठ दिवस सुट्टी काढली आणि श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला वेलिगामा नावाचं सर्फिंगचं, म्हणजे बोर्ड नावाच्या लांब फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येण्याच्या खेळाचं गाव आहे तिथे गेलो. मी सोलापूरची, म्हणजे पाणी म्हटलं की टँकर आठवणारी. हा रत्नागिरीचा, घरापासून समुद्र पाच मिनिटांवर, पण आयुष्यात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेला नाही कारण आजीने लहानपणी दम दिलेला की गुडघ्याला पाणी लागलं की माघारी फिरायचं, समुद्राशी मस्करी नाही. लोकांना वाटतं कोकणातला माणूस म्हणजे मासाच. असं नसतं हो, समुद्राला सगळ्यात जास्त घाबरतात ती त्याच्या काठावर राहणारी माणसं.

जायच्या आधी मी जे काही शोधलं त्यात एकतर गोऱ्या लोकांचे सहा महिने राहण्याचे प्लॅन होते नाहीतर टूर कंपन्यांचे पाच रात्री सहा दिवस. आपल्यासारख्या, पोहायला धड न येणाऱ्या, एकजण व्हेज असलेल्या जोडप्यासाठी काहीच नाही. म्हणून हे लिहितेय. आमचा सगळा खर्च विमानासकट दोघांचा मिळून दीड लाखाच्या आत बसला. विमानाचं जमत नसेल तर भारतात वर्कला, मुळकी, चेन्नईजवळचं कोवलम इथेही सर्फिंग शिकवतात आणि खाली लिहिलेला पाण्यात उतरण्याचा भाग तिथेही तसाच लागू पडेल.

१. आधी महिना ठरवा, बुकिंग नंतर

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. श्रीलंकेत दोन मान्सून आहेत आणि दोन किनाऱ्यांचे सीझन उलटे आहेत. दक्षिण किनारा म्हणजे वेलिगामा, मिरिसा, अहंगमा, हिरिकेटिया ही गावं नोव्हेंबर ते एप्रिल चांगली. मे ते सप्टेंबर तिथे नैऋत्य मान्सून असतो, समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ. त्या काळात सर्फिंगवाले सगळे पूर्व किनाऱ्यावर अरुगम बे ला जातात. तर मे च्या सुट्टीत स्वस्त रूम दिसतायत म्हणून वेलिगामा बुक करू नका, स्वस्त आहेत त्याला कारण आहे.

आणखी एक, पौर्णिमा बघून घ्या. तिथे दर पौर्णिमेला पोया म्हणतात आणि सरकारी सुट्टी असते, त्या दिवशी दारू विकत नाहीत. आमची एक संध्याकाळ नेमकी पोयाला आली, बीचवर बिअर घेऊन बसायचं स्वप्न ह्याने दोन महिने रंगवलं होतं आणि आम्ही शहाळं घेऊन बसलो.

२. तिकीट काढायच्या आधी एक चहा घेऊन समोरासमोर बसा

तीन गोष्टी बोलून घ्या. एक, सकाळी कोण किती वाजता उठणार. हसू नका, सर्फिंगच्या गावात ह्यावर सगळं अवलंबून असतं कारण सकाळी वारा नसतो, पाणी गुळगुळीत असतं, गर्दी कमी असते आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की लाटा विस्कटतात. दोन, पाण्यात खरंच कोणाला जायचंय. दोघांनाही जायचंय असं प्रेमापोटी म्हणू नका, खरं बोला. तीन, पैसे कोणाच्या खिशातून कशाला जाणार. आम्ही तिसरं ठरवलं, पहिलं ठरवलं नाही, आणि दुसऱ्याबद्दल हा चक्क खोटं बोलला. त्याला वाटलं मी एवढी उत्साहात आहे तर कशाला मोडता घाला. ते खोटं दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कंबरभर पाण्यात उघडं पडलं, ते पुढे येईलच.

आणि जायच्या दोन महिने आधी जवळच्या महापालिकेच्या तलावात नाव घाला. पट्टीचं पोहणं यायची गरज नाही, पण नाकातोंडात पाणी गेलं तरी घाबरायचं नाही, पाण्याखाली पाच-दहा सेकंद श्वास धरून शांत राहता येणं आणि पाठीवर तरंगता येणं एवढं जमलं पाहिजे. मी हे केलं. ह्याने ऑफिसचं कारण सांगितलं.

३. कागदपत्रं

फार नाहीत, पण प्रत्येकाचे दोन प्रिंट ठेवा, फोनची बॅटरी विमानतळावरच मरते.

- पासपोर्ट, तिथे उतरायच्या तारखेपासून निदान सहा महिने वैध हवा
- ईटीए, म्हणजे ऑनलाइन परवानगी, दोघांची वेगळी
- परतीचं तिकीट
- निदान पहिल्या दोन-तीन रात्रींचं रूमचं बुकिंग
- ट्रॅव्हल इन्शुरन्स

ईटीए बद्दल सावध. गूगल केलं की वर जाहिरातीतल्या साइट दिसतात, सरकारीसारख्याच दिसणाऱ्या, आणि त्या मधल्या मधे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट एलके आहे का बघायचं, नसेल तर बंद करायचं. भारतीयांसाठी फी कधी माफ असते कधी नसते, नियम गेल्या काही वर्षांत बरेचदा बदललेत, त्यामुळे मैत्रीण मागच्या वर्षी फुकट गेली होती ह्यावर जाऊ नका, जायच्या आधी त्याच साइटवर बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पासपोर्टवर माहेरचंच नाव असेल तर तिकीट, ईटीए, बुकिंग सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव टाका. लग्नाचं सर्टिफिकेट आम्हाला कुठेही कोणीही विचारलं नाही.

इन्शुरन्समध्ये सर्फिंग कव्हर होतं का हे वाचा. बऱ्याच पॉलिसीत ॲडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेले असतात आणि ते बारीक अक्षरात असतं.

स्कूटर भाड्याने घेणार असाल तर आपलं भारतातलं लायसन्स तिथे नुसतं दाखवून चालत नाही, तिथलं तात्पुरतं परमिट लागतं. दुकानदार म्हणतो काही होत नाही मॅडम, आणि खरंच बऱ्याच जणांना काही होत नाही, पण पडलात तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच विचारणार. आम्ही घेतली नाही, रिक्षा आणि बसने भागलं.

४. पैसे

एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये पडतात. त्यामुळे पहिल्या दिवशी मेन्यू बघून छातीत धस्स होतं, पंधराशेची बिर्याणी! मग भागाकार करायचा. ह्या भागाकाराची मजा म्हणजे दोन दिवसांनी आपण उलट सैल होतो, सगळंच स्वस्त वाटायला लागतं, आणि तिथेच पैसे जातात.

विमानतळावर बाहेर पडायच्या आधी बँकांचे काउंटर ओळीने असतात, तिथे थोडे बदलून घ्या, पावती जपा. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत आपलं यूपीआय सुरू झालंय, क्यूआर असलेल्या दुकानांत चालतं, पण बीचवरचा बोर्डवाला, रिक्षावाला, शहाळेवाला ह्यांना रोखच लागते. जायच्या आधी ॲपमध्ये परदेशातलं पेमेंट चालू करावं लागतं ते विसरू नका. हॉटेलच्या बिलावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज बहुतेक असतोच, वर टॅक्स, मेन्यूवरची किंमत म्हणजे शेवटची किंमत नाही.

सिमकार्ड तिथेच विमानतळावर मिळतं, डायलॉग किंवा मोबिटेल, पासपोर्ट लागतो. घड्याळ बदलायचं नाही, त्यांची वेळ आणि आपली वेळ एकच.

५. बॅग

इथे मी बायकांसाठी जरा सविस्तर लिहिते कारण पुरुषांना एक चड्डी आणि एक टीशर्ट पुरतो.

पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड घ्या, म्हणजे तो अंगाला चिकटणारा पोहायचा टॉप. टॅनिंगसाठी नाही, बोर्डवर पोटावर झोपून घासत राहतो ना, त्याने पोट, छाती, मांड्या सोलवटून निघतात. खाली गुडघ्याच्या खालपर्यंत येणारी पोहायची लेगिंग. कॉटनची नको, ओली होऊन खाली घसरते, माझी पहिल्या दिवशी घसरली. बिकिनी घालणाऱ्या बायका आजूबाजूला भरपूर असतात, कोणी ढुंकून बघत नाही, पण बीचवरून गावात जाताना वर काहीतरी घाला, शेवटी ते साध्या माणसांचं गाव आहे.

मंगळसूत्र, अंगठ्या, जोडवी, पैंजण, सगळं घरी किंवा रूमवर. पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निघून जाते कळत नाही. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे फोटो बघून फोन येणार नाही. मला आला.

पाळीची तारीख मधे येत असेल तर कप किंवा टॅम्पॉन वापरायची सवय दोन महिने आधी करा, तिथे पहिला प्रयोग नको. कॉन्टॅक्ट लेन्स घालून लाटेत जाऊ नका. केसांची घट्ट वेणी, मोकळे सोडलेत तर संध्याकाळपर्यंत सुंभ.

सनस्क्रीन साधं चालत नाही, वितळून डोळ्यात जातं आणि मग पुढची लाट दिसतच नाही. झिंकचं जाड पांढरं मिळतं ते नाकाला गालाला थापायचं. वेलिगामा विषुववृत्तापासून जेमतेम सहा अंशावर आहे, ऊन ढगातूनही भाजतं. मानेची मागची बाजू, कान आणि गुडघ्यामागची खळगी, ह्या तीन जागा सगळे विसरतात.

बाकी व्हॅसलीन, ओआरएस ची पाकिटं, जखमेचं मलम, ओल्या कपड्यांची पिशवी, आणि प्लगचा ॲडॅप्टर, तिथे चौकोनी तीन पिनांची सॉकेट असतात. दोरी आणि चिमटे पण न्या. खरंच.

६. पोचायचं कसं

मुंबईहून कोलंबो थेट विमान अडीच तासांच्या आसपास. विमानतळ कोलंबोत नाही, वर काटुनायकेला आहे, आणि वेलिगामा तिथून अजून पावणेदोनशे किलोमीटर खाली. तीन मार्ग आहेत.

टॅक्सी करून थेट, एक्स्प्रेसवेने तीन तास. दक्षिण एक्स्प्रेसवेचं वेलिगामासाठीचं एक्झिट कोकमादूवा. रात्री उशिरा उतरत असाल तर हेच करा, हॉटेलवाल्याला सांगितलं की गाडी पाठवतो, दर आधी लिहून घ्या.

बस स्वस्त पण दोन-तीनदा बदलावी लागते. कोलंबोच्या बाहेर कोट्टावाजवळ मकुंबुरा नावाचं मोठं स्टँड आहे, तिथून एक्स्प्रेसवेच्या एसी बस मातरा, गॉल ह्या दक्षिणेकडच्या शहरांना सुटतात.

आणि ट्रेन. कोलंबो फोर्टहून मातराकडे जाणारी गाडी पकडायची, ती वेलिगामाला थांबते, स्टेशनपासून बीच चालत. तीनेक तास लागतात. जाताना उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडे आहे, काही ठिकाणी इतका जवळ की डब्यात तुषार येतात. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलिया लागतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ह्याच रुळावर उभी असलेली भरलेली गाडी लाटेने उलटवली होती, हजारावर माणसं गेली. तिथे बुद्धाची उंच मूर्ती उभी आहे, खिडकीतून दिसते. डब्यातल्या एका आजोबांनी हात जोडले आणि आमचं फोटो काढणं आपोआप थांबलं. ह्याचा चेहरा तेव्हाच उतरला होता, मला वाटलं झोप झाली नाही.

७. रूम कुठे घ्यावी

वेलिगामाच्या बीचला लागूनच मुख्य रस्ता जातो आणि त्यावरून बस सुसाट जातात, हॉर्न सकाळी पाचपासून. समुद्राकडे तोंड असलेली रूम फोटोत छान दिसते पण मधे तो रस्ता असतो. दोन गल्ल्या आत घ्या, घरगुती गेस्टहाऊस, मागे नारळ-फणसाची झाडं, मालकीणबाई सकाळी नाश्ता देतात. आम्हाला तर अगदी कोकणात आल्यासारखं वाटलं, फक्त कौलांच्या जागी कधी कधी पत्रा. बघायच्या गोष्टी तीन: मच्छरदाणी आहे का, पंखा खरंच फिरतो का, आणि बाहेर अंग धुवायला नळ आहे का, वाळू घेऊन आत गेलात की रोज त्यावरून वाजतं.

हिरिकेटिया जास्त देखणं आहे, घोड्याच्या नालेसारखी छोटी खाडी, पण गर्दी आणि महाग. शिकायला वेलिगामाच, कारण खाली सगळी वाळू आहे, पडलात तरी खडक नाही. गावाच्या नावातच वाळू आहे. सिंहली लोक वॅलिगम म्हणतात, वॅलि म्हणजे वाळू आणि गम म्हणजे गाव, म्हणजे आपल्या मराठीत सरळ वाळूगाव. सिंहली आणि मराठी लांबच्या बहिणी आहेत हे मला तिथे बसस्टॉपवर कळलं. बाकी आयुबोवन म्हणजे नमस्कार, स्तुती म्हणजे धन्यवाद, कीयद म्हणजे केवढ्याला. एवढ्या तीन शब्दांवर दर कमी होतो, निदान हसून तरी बोलतात.

८. पाण्यात उतरणं

आता मुख्य.

पहिला दिवस फक्त बघायचं. बीचवर ओळीने सर्फ स्कूलचे छप्पर आणि रंगीत बोर्ड असतात, प्रत्येकजण हाक मारतो. पहिल्याच्या गळ्यात पडू नका. कोण विद्यार्थ्याला आधी वाळूवर शिकवतोय, कोण सरळ पाण्यात ढकलतोय ते बघा. आम्हाला एका ठिकाणी सांगितलेला दर चार पावलं पुढे जाताच तीस टक्क्यांनी उतरला. आम्ही शेवटी माणशी साडेतीन हजार श्रीलंकन म्हणजे आपले हजारएक रुपये दिले, दीड तास, बोर्डासकट.

पोहता येत नसेल तर आधीच स्पष्ट सांगा. लाज वाटून घेऊ नका. शिकणाऱ्यांना ते फेसाच्या लाटांत ठेवतात, म्हणजे लाट फुटून पांढरा फेस किनाऱ्याकडे येतो त्यात, पाणी कंबरेपर्यंत. तरी पोहता न येणाऱ्याला वेगळा माणूस हवा, पाचजणांत एक नको.

बोर्ड आठ-नऊ फुटांचा मऊ फोमचा घ्या. कडक चकचकीत बोर्ड भारी दिसतो पण डोक्यात बसला तर टाके पडतात. भाड्याने नुसता बोर्ड घेत असाल तर आधी चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, मालकासमोर. आमच्या शेजारच्या रूममधल्या जोडप्याकडून एका दुकानाने आधीपासून असलेल्या चिरेचे पैसे घेतले, त्यांच्याकडे पुरावा नव्हता.

वाळूवर शिकवतात ते असं. पोटावर झोपायचं, पायाची बोटं बोर्डाच्या शेपटीकडे, हाताने पाणी मारायचं, मागून लाट उचलते ते कळतं, मग दोन्ही तळवे बरगड्यांच्या बाजूला बोर्डवर दाबून एका झटक्यात उभं राहायचं. बोर्डाच्या कडा धरायच्या नाहीत. गुडघे वाकलेले, आणि नजर पायाकडे नाही, समोर किनाऱ्यावर. ही नजरेची गोष्ट मला दोन दिवस जमली नाही, पायाकडे बघितलं की पडलेच समजा. कुठला पाय पुढे हे कळायला मागून कोणीतरी हळूच ढकलायचं, जो पाय आपोआप पुढे पडतो तो मागे किंवा पुढे ठेवून दोन्ही बघायचं, जे सोयीचं वाटेल ते खरं.

आता जे शिकवतात पण घाईत, ते मी लिहिते:

- पडताना सपाट पडा, पाठीवर किंवा कुशीवर. डोकं खाली करून सूर मारायचा नाही, पाणी कंबरभरच आहे.
- वर येताना दोन्ही हात डोक्यावर. तुमचा बोर्ड पायाला दोरीने बांधलेला असतो, तो परत येतो आणि डोक्यातच येतो.
- तुम्ही आणि येणारी लाट ह्यांच्या मधे बोर्ड आडवा धरू नका. लाट बोर्ड उचलून तुमच्या छातीवर आणते. बोर्ड कायम बाजूला.
- दोरी बोटांना किंवा मनगटाला गुंडाळू नका.
- लाटेवर आधीपासून कोणी उभा असेल तर ती लाट त्याची. मधे घुसलात तर शिव्या खाल आणि त्या सगळ्या भाषांत असतात.
- लाटा फुटताना एखादा पट्टा शांत दिसतो, तिथे पाणी सपाट असतं, नवखा माणूस बरोबर तिथेच पोहायला जातो. तो शांत पट्टा म्हणजे पाणी आत ओढत नेणारी वाट असू शकते. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे जोर मारून दमू नका, बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि हात वर करा.

आता आमचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघं एकाच इन्स्ट्रक्टरकडे गेलो. मी चौथ्या की पाचव्या लाटेला गुडघ्यावर उठले आणि ओरडत किनाऱ्यापर्यंत आले. मागे वळून बघते तर हा कंबरभर पाण्यात बोर्डला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा, चेहरा पांढरा, फेस आला की डोळे मिटतोय. मी काय केलं तर त्याला शिकवायला गेले. सोप्पं आहे रे, बघ ना, पॅडल मार, घाबरतोस काय, कोकणातला ना तू. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. तो बोर्ड तिथेच सोडून बाहेर गेला आणि संध्याकाळपर्यंत आम्ही फक्त किल्ली कुठे, टॉवेल कुठे एवढंच बोललो.

तर ह्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच. एकमेकांना शिकवू नका. इन्स्ट्रक्टर वेगळे, वेळ वेगळी, जमल्यास बीचचा तुकडाही वेगळा. एकाला लवकर येतं, एकाला येत नाही, आणि ज्याला येत नाही त्याच्यासमोर ज्याला येतं त्याने व्हिडिओ काढत उभं राहणं ह्यासारखा छळ नाही. तिसऱ्या दिवसापासून मी साडेसहाला एकटी जायचे. हा उशिरा उठून एका वयस्कर सर्फवाल्याकडे जायला लागला, त्याने ह्याला दोन दिवस बोर्डच दिला नाही. नुसतं पाण्यात उभं करून येणारी प्रत्येक लाट मोजायला लावली, खाली बसायला लावलं, डोक्यावरून जाऊ द्यायला लावली. नंतर कळलं त्या माणसाचं घर २००४ मध्ये गेलं होतं. समुद्राला घाबरणाऱ्याशी कसं बोलायचं ते त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

दीड तास पुरे. पहिल्या उत्साहात दिवसातून दोन सेशन करतात आणि तिसऱ्या दिवशी हात वर करून केस विंचरता येत नाहीत. तिसरा किंवा चौथा दिवस सुट्टीचा ठेवा. इन्स्ट्रक्टर प्रत्येक लाटेला मागून ढकलत असेल तर तिसऱ्या सेशनला सांगा की आता मला स्वतः लाट पकडू दे. फोटोत उभे दिसाल पण शिकाल काहीच नाही, असं होतं. जोरात पाऊस पडून गेला तर नदीच्या मुखाकडच्या बाजूला उतरू नका, सगळं गटाराचं पाणी तिकडूनच येतं.

शेजारचं मिडिगामा प्रसिद्ध आहे पण तिथे खाली खडक आणि समुद्री साळिंदरं, म्हणजे काटेवाले गोळे. दोन आठवड्यांच्या अनुभवाआधी तिकडे नको.

९. जेवण, आणि व्हेजवाल्यांसाठी धोक्याची सूचना

मी व्हेज. तिथे भात आणि चार-पाच भाज्या, डाळ म्हणजे परिप्पू, वर पापड असं ताट मिळतं, नारळाच्या दुधातलं, आपल्याला लगेच आवडतं. सकाळी आप्पे नाही, आप्पं, म्हणजे वाटीसारखं कुरकुरीत हॉपर, आणि इंदिआप्प म्हणजे आपल्या शेवया. सोबत पोल सांबोल, ओल्या खोबऱ्याची लाल चटणी. मी तीन दिवस ती चटणी बोटं चाटून खाल्ली आणि चौथ्या दिवशी मालकीणबाईंना कृती विचारली तेव्हा कळलं त्यात उंबलकड असते. म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. भाज्यांतही घालतात, आणि त्यांच्या हिशेबाने ती भाजीच असते, मसाल्यासारखं आहे ना ते. त्यामुळे नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, उंबलकड एपा असं सांगायचं, एपा म्हणजे नको. मालू म्हणजे मासा, मस म्हणजे मटण वगैरे. एलवलू म्हणजे भाज्या. बेकरीतली त्रिकोणी मालू पान व्हेज पॅटिस समजून घेऊ नका.

मासे खाणाऱ्यांना सांगायची गरज नाही. ह्याचा मूड चौथ्या दिवशी सुधारला त्यात रावससारख्या दिसणाऱ्या एका माशाचा मोठा वाटा आहे. रात्री कोट्टू खा, तव्यावर दोन पात्यांनी रोटी चिरतात तो आवाज चौकापासून ऐकू येतो. शेवटी म्हशीचं दही आणि वर कितुल माडाचा काकवीसारखा पाक. नारिंगी शहाळ्याला तंबिली म्हणतात, सर्फिंगनंतर एक घ्याच.

१०. पाण्याबाहेरचे दिवस

गॉलचा किल्ला अर्धा दिवस. पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी वाढवला, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तटावरून क्रिकेटचं मैदान दिसतं, मॅच असेल तर लोक तटावर बसूनच बघतात. ह्याने तिथे दोन तास काढले आणि मी दुकानं फिरले. वेगवेगळं फिरण्याची सवय आता लागली होती.

मिरिसाला पहाटे व्हेल बघायच्या बोटी सुटतात, नोव्हेंबर ते एप्रिल, निळे देवमासे दिसू शकतात. उलटीची गोळी बोटीत चढायच्या आधी घ्यायची, चढल्यावर उपयोग नाही. व्हेलच्या अंगावर बोट घालणारे टाळा, आधी विचारा किती अंतर ठेवता.

काठीवर बसून मासे धरणारे कोळी अहंगमा-कोग्गलाकडे दिसतात. आता त्यातले बरेचसे फोटोसाठीच बसतात, फोटो काढला की पैसे मागतात. त्यात वाईट काही नाही, फक्त आधी ठरवा.

देवळात खांदे-गुडघे झाकून, चपला बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही, हा नियम गंमत नाही. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू आहे म्हणून एका ब्रिटिश बाईला देशाबाहेर पाठवलं होतं.

११. परत निघताना

शिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका, नेणं बेकायदा आहे. चहा आणि कितुलचा पाक आणा, पाक चेक-इन बॅगेत, दोन पिशव्या गुंडाळून. रात्रीचं विमान असेल तरी वेलिगामाहून दुपारीच निघा, कोलंबोच्या बाहेरचं ट्रॅफिक पुण्याला लाजवतं.

आणि शेवटची सकाळ मोकळी ठेवा, पॅकिंग आदल्या रात्री. आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पुन्हा एकत्र पाण्यात गेलो, मी बोर्ड घेऊन आणि हा बोर्डाशिवाय. मी दोन लाटा पकडल्या, तिसरीला तोंडावर पडले. वर आले तर हा छातीभर पाण्यात उभा, फेस डोक्यावरून जातोय आणि डोळे उघडे.

विमानतळावरून त्याने आजीला फोन लावला, स्पीकरवर. तिने पहिला प्रश्न विचारला, पाण्यात कितपत गेलास रे?

गुडघ्यापर्यंत, हा म्हणाला.